सहाचा आकडा : यावल तालुक्यातल्या एका पहाटेचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही नोंद रुग्णाच्या आणि घरच्यांच्या परवानगीने लिहिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वेळा आणि आकडे मात्र रुग्णवाहिकेतल्या नोंदवहीतले.

आषाढ संपत आलेला. यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला केळीच्या मळ्यांमध्ये दहा-बारा घरांची वस्ती. कुडाच्या भिंती, वर पत्रे, खाली शेणाने सारवलेली जमीन. घरात खाट एकच, तिच्यावर म्हातारी आई. बाकी सगळे खाली गोधडीवर. रुग्ण ३२ वर्षांचा, केळीच्या कटाईवर जाणारा. दोन दिवसांपूर्वी त्याने दुसऱ्याच्या कपाशीवर फवारणी केली होती. ही फवारणी लक्षात ठेवा, तिने पुढे सगळ्यांना बराच चकवा दिला.

गाडी एका स्थानिक संस्थेची. तिचा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेला, म्हणून पहिला फोन तिथे गेला. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे आणि त्या गाडीत डॉक्टर असतो. संस्थेच्या गाडीत तसं नाही. मागे एकटा ईएमटी, म्हणजे दवाखान्यात पोहोचेपर्यंत रुग्णाला सांभाळणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ, पुढे ड्रायव्हर. त्या रात्रीचा ईएमटी २४ वर्षांचा, दीड वर्षाचा अनुभव असलेला. ड्रायव्हरला सगळे आप्पा म्हणतात. मी या मुलांना शिकवतो आणि रात्री अडलं तर माझा फोन चालू असतो. त्या पहाटे माझंही एक चुकलं, ते पुढे येईलच.

समस्या

रात्री अडीचच्या सुमारास पोटात कळ येऊन तो उठला. दोन उलट्या झाल्या. बायकोने ओवा दिला. चारच्या आसपास त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, बोलणं नाकातून येऊ लागलं. घरच्यांना वाटलं झोप अनावर झाली असेल. एका शेजाऱ्याला वाटलं, रात्री घेतली असेल. फोन झाला ४ वाजून ४० मिनिटांनी आणि तोही पोटदुखीचा म्हणून. गाडी पोहोचली ५ वाजून ५ मिनिटांनी.

ईएमटीच्या नोंदी अशा : नाडी १०४, रक्तदाब १३८/८८, श्वास मिनिटाला २२ पण उथळ, ऑक्सिजनची पातळी ९६, रक्तातली साखर ११२. शुद्धीवर, विचारलेलं समजतं. दोन्ही पापण्या अर्ध्यावर. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ. अंगावर कुठे दंशाची खूण नाही, सूज नाही, दुखरी जागा नाही.

हे आकडे एखाद्या नवख्याला दाखवा. तो म्हणेल, रुग्ण ठीक आहे, ९६ आहे की! बोटाला लावलेलं यंत्र रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगतं. छातीचे स्नायू किती थकलेत ते सांगत नाही. स्नायू हरत आले तरी आकडा बराच वेळ टिकतो आणि मग एकदम घसरतो.

आमच्या ईएमटी पोराने इथे दोन गोष्टी केल्या, दोन्हींना काही साधन लागत नाही. आधी त्याने सांगितलं, “दादा, मान उचलून दाखवा.” मान गोधडीवरून इंचभरही उठली नाही. मग म्हणाला, “पूर्ण श्वास घ्या आणि एका दमात आकडे मोजा.” धडधाकट माणूस एका दमात तिसाच्या पुढे सहज जातो. हा अकराला थांबला. त्याने वहीत ‘११’ लिहून त्याला गोल केला. त्या पानावरचा सगळ्यात कामाचा आकडा तोच.

निर्णयाची पहिली जागा : विष कोणतं?

फवारणीचं कळल्यावर शेजारीपाजारी एकच म्हणू लागले, औषध चढलं. खान्देशात ही शंका वावगी नाही. कपाशीच्या हंगामात फवारणीची विषबाधा प्रत्येक दवाखान्याला माहीत असते. लाळ गळत होती, उलटी झाली होती, अंग ढिलं पडलं होतं. वरवर सगळं जुळत होतं.

पण फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाच्या विषबाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अंग घामाने भिजतं, छातीत घरघर ऐकू येते, स्नायू फुरफुरतात, बहुतेकदा नाडी मंदावते, कपड्यांना उग्र वास येतो. याच्या बाहुल्या नेहमीएवढ्या होत्या. कातडी कोरडी, छाती स्वच्छ, वास नाही. लाळ जास्त सुटत नव्हती, गिळता येत नसल्यामुळे बाहेर येत होती. दिसायला दोन्ही सारखंच, पण तोंडात बोट घालून पाहिलं की फरक कळतो. विषबाधेत पुसलं की पुन्हा भरतं. इथे एकदा पुसल्यावर बराच वेळ तोंड कोरडं राहिलं.

अर्धांगवायूची शंका त्याने लगेच बाजूला ठेवली, कारण दोन्ही बाजू सारख्याच कमजोर होत्या. साखर बरोबर होती.

जमिनीवर झोपलेला माणूस, पावसाळ्यातली रात्र, पहाटे पोटात कळ, मग पापण्या आणि दंशाची खूण नाही : हे सगळं मण्यारकडे बोट दाखवतं. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्याला चावते. चावा मुंगीच्या चाव्याइतकाही जाणवत नाही, सूज येत नाही आणि खूण पुष्कळदा सापडतच नाही. खूण सापडेपर्यंत सर्पदंश म्हणायचं नाही, अशी सवय आपल्या लोकांत मुरलेली आहे आणि मण्यारच्या बाबतीत ती जीवघेणी ठरते. ईएमटीने निदान करायचं नसतं हे मी वर्गात शंभर वेळा सांगतो. पण शंका घ्यायची असते आणि ती पुढच्या डॉक्टरला स्पष्ट शब्दांत सांगायची असते. त्याने वहीत लिहिलं : ‘मण्यारदंशाची दाट शंका, श्वासाचे स्नायू कमजोर होत आहेत.’

निर्णयाची दुसरी जागा : भगत

‘साप’ हा शब्द उच्चारताच आई म्हणाली, आधी भगताकडे. भगत दोन वस्त्या सोडून राहायचा. ही गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पोराने ती दोन मिनिटांत मिटवली. वाद घातला नाही. म्हणाला, “माय, धागा बांधा, नवस बोला, मी अडवत नाही. पण धागा गाडीत बांधा आणि सैल बांधा. गाडी चालू करतो.” एका चुलत्याला मोटारसायकलवर भगताकडे धाडलं. धागा नंतर पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) फाटकाजवळ मनगटावर बांधला गेला. पायाला किंवा दंडाला काहीही आवळू दिलं नाही, एवढी अट त्याने सोडली नाही.

घरी एकूण १४ मिनिटं गेली. त्यातली चार-पाच दंशाची खूण शोधण्यात गेली, ती वाचवता आली असती.

निर्णयाची तिसरी जागा : कुठे न्यायचं?

५ वाजून १५ मिनिटांनी त्याचा मला फोन आला. मी झोपेतून उठून सगळं ऐकलं आणि म्हणालो, “थेट जळगाव गाठ. पीएचसीत वेळ घालवू नको, त्यांच्याकडे व्हेंटिलेटर नाही.”

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, पीएचसी वाटेतच आहे. एएसव्ही तिथे मिळतं. जळगाव दीड-पावणेदोन तास.” एएसव्ही म्हणजे सर्पदंशावरचं प्रतिविष.

माझा सल्ला चुकीचा होता. मी फक्त व्हेंटिलेटरचा विचार केला. मण्यारचं विष मज्जातंतूंची टोकं आतून नासवतं. एकदा नासली की प्रतिविष त्यांना दुरुस्त करत नाही. नवी टोकं फुटायला दिवस लागतात. एएसव्ही रक्तात फिरणारं, अजून कुठे चिकटलेलं नसलेलं विष निकामी करतं. म्हणून ते जितक्या लवकर तितकं उपयोगी, आणि दीड तास थांबवणं म्हणजे तेवढी टोकं घालवणं. आपल्याकडचं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं. साप ओळखता आला नाही म्हणून ते अडत नाही.

पीएचसी आडरस्त्याला वीस मिनिटांवर असती तर? मला वाटतं, तरीही गेलो असतो, पण एका दमातला आकडा पाचच्या खाली असता तर नसतो. यावर माझे दोन सहकारी माझ्याशी सहमत नाहीत.

केलेली कृती

गाडी ५ वाजून ३३ मिनिटांनी पीएचसीत. फोन आधीच केल्यामुळे वैद्यकीय अधिकारी दारात उभे होते. एका दमातला आकडा आता सहा. त्यांनी रक्त गोठण्याच्या वीस मिनिटांच्या चाचणीसाठी काचेच्या नळीत रक्त ठेवलं, पण निकालाची वाट पाहिली नाही. मण्यारमध्ये रक्त नीट गोठतं, ती चाचणी घोणस-फुरशासाठी. ५ वाजून ४१ मिनिटांनी सलाइनमधून एएसव्हीच्या १० कुप्या सुरू केल्या, त्याची रिअॅक्शन आली तर म्हणून शेजारी अॅड्रेनालिन भरून ठेवलं. अॅट्रोपिन आणि निओस्टिग्मिन दिलं. नागदंशात त्याने पापण्या उघडताना दिसतात, इथे काही फरक पडला नाही, मण्यारमध्ये सहसा पडत नाही. डॉक्टरांना पीएचसी सोडता येत नव्हती. त्यांनी नर्स सिस्टरना सोबत दिलं. या एका निर्णयाने पुढचा तास निभावला.

गाडी ५ वाजून ५२ मिनिटांनी निघाली. ६ वाजून ५ मिनिटांनी पातळी ९३ वरून ८८ वर आली, श्वासांत खंड पडू लागले. घशाला सक्शनची नळी लागली तरी उमासा येत नव्हता. ईएमटीने तोंडाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत माप घेऊन तोंडातून हवेची नळी बसवली आणि अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, हातात घेतली.

पुढची दहा मिनिटं चुकांची. बॅग दाबताना हाताला दम नसतो, छातीत धडधड असते आणि मग हात त्या धडधडीच्या तालावर चालतो. सिस्टरांच्या अंदाजाने तो मिनिटाला पंचवीसच्या आसपास दाबत होता. मोठ्या माणसाला दर सहा सेकंदांनी एक म्हणजे मिनिटाला दहा श्वास पुरतात. बॅगही पूर्ण पिळायची नसते, छाती जेमतेम उठली की हात सैल. जास्तीची हवा पोटात जाते. ६ वाजून १४ मिनिटांनी पोट ढोलासारखं झालं आणि उलटी वर आली. दोघांनी त्याला एका अंगावर वळवलं, सक्शन लावलं, दहा सेकंदांत नळी काढली, पुन्हा बॅग. थोडं आत गेलंच.

तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “दादा, तुम्ही मास्क धरा. दोन्ही हातांनी. बॅग माझ्याकडे द्या. मी मोजते.”

एका हाताने मास्क आवळणं आणि दुसऱ्याने बॅग दाबणं चित्रात सोपं दिसतं. खड्ड्यांच्या रस्त्यावर मास्कच्या कडेने निम्मी हवा निसटते. दोन माणसं असतील तर एकाने दोन्ही अंगठे मास्कवर आणि बाकीची बोटं जबड्याखाली घालून जबडा वर उचलून धरायचा, दुसऱ्याने फक्त दाबायचं. सिस्टर मोठ्याने मोजत होत्या : “दाबा, दोन, तीन, चार, पाच, सहा. दाबा, दोन, तीन...” पातळी ९७ वर गेली आणि तिथेच राहिली.

आता ऑक्सिजन. बी टाईप सिलेंडर, आतली जागा दहा लिटर. भरलेला असेल तर गेज १५० दाखवतो, म्हणजे साधारण १५०० लिटर. बॅग सुरू करताना काटा साठवर होता. दहा गुणिले साठ, ६०० लिटर. प्रवाह १५ वर ठेवला होता, म्हणजे ४० मिनिटं. जळगाव तासाभराच्या पलीकडे. हा हिशोब त्याने चालत्या गाडीत मास्क धरून केला, याचं मला कौतुक आहे. तो गाडी निघण्याआधी, रात्री दहाला ड्यूटीवर येताना झाला असता तर कौतुक करायची वेळच आली नसती. आदल्या पाळीने ‘ओटू ओके’ लिहिलं होतं. कितीवर ओके, ते नाही.

प्रवाह दहावर आणला. समोर तीन पर्याय होते. भुसावळमधलं एक खासगी रुग्णालय जवळ होतं, तिथे फोन केला तर व्हेंटिलेटर आहे पण चालवणारे डॉक्टर नऊला येतील, असं उत्तर आलं. दुसरा पर्याय, आहे त्या सिलेंडरवर जळगाव. तिसरा, संस्थेच्या दुसऱ्या गाडीतला सिलेंडर वाटेत घेणं. जळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मी फोन केला, तिथे अतिदक्षता विभाग तयारीत होता. तिसरा पर्याय घेतला. तापीचा पूल ओलांडून भुसावळच्या पुढे महामार्गाला लागताना, ६ वाजून ४० मिनिटांनी दुसरी गाडी भेटली.

सिलेंडर बदलायला दीड मिनिट लागलं. मग कळलं की तो उघडायची चावी नाही. जुना बंद करताना आप्पांनी ती स्ट्रेचरच्या कडेला ठेवली होती आणि ती कुठेतरी घरंगळली होती. आप्पांनी पुन्हा गाडी पळवली. चावी शोधायला सिस्टर खाली वाकल्या, बॅग पुन्हा ईएमटीच्या एका हातात. ऑक्सिजनशिवाय नुसत्या हवेवर सात मिनिटं. पातळी ९७ वरून ९१ वर आली, पण खाली गेली नाही. बॅगला सिलेंडर लागत नाही, ती स्वतः फुगते आणि बाहेरच्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतोच. हे पाठ असूनही त्या सात मिनिटांत त्याला वाटत होतं की रुग्ण हातातून चालला. चावी स्ट्रेचरच्या चाकात सापडली.

मध्ये कधीतरी आप्पांनी आरशातून मागे पाहिलं. डोळे मिटलेले, हातपाय निपचित. ते स्वतःशीच, पण मोठ्याने म्हणाले, “गेला वाटतं.” पुढे बसलेल्या चुलत्याने हंबरडा फोडला. सिस्टरांनी दोघांना गप्प केलं, पण तोवर बोलून झालं होतं.

७ वाजून १० मिनिटांनी जळगाव. बॅग एकूण ६५ मिनिटं चालली.

निष्पत्ती

श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर लावला. पहिले दोन दिवस बोटही हलत नव्हतं आणि बाहुल्या उजेडाला दाद देत नव्हत्या. अशा वेळी नातेवाइकांना मेंदू गेला असं वाटतं, कधी कधी डॉक्टरांनाही. मण्यारमध्ये त्या खुणेवरून तसं काही ठरवता येत नाही. तिसऱ्या दिवशी पायाचा अंगठा हलला. पाचव्या दिवशी नळी निघाली. उलटी आत गेल्याने उजव्या फुप्फुसाला न्यूमोनिया झाला होता, त्यासाठी मुक्काम वाढला. बाराव्या दिवशी तो चालत घरी गेला. दंशाची खूण शेवटपर्यंत सापडली नाही. साप कोणालाही दिसला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

न्यूमोनिया आमच्या खात्यात जातो, हे आधी. सुरुवातीपासून दोघांनी बॅग धरली असती आणि मोजलं असतं तर तो बहुधा टळला असता. आता आमच्या वर्गात बॅगचा सराव पुतळ्यावर दोन मिनिटं होत नाही, वीस मिनिटं होतो आणि शेजारी कोणीतरी आरडाओरडा करत असतो. पहिल्या पाच मिनिटांत जवळजवळ प्रत्येकाचा वेग वाढतो. मोजणारा माणूस दिला की उतरतो.

नाकातून घालायची नळी गाडीत नव्हती. ५ वाजून ५ मिनिटांनी, रुग्ण पूर्ण शुद्धीवर असताना नळी लागली असती, तर तीच चालली असती, कारण तिने सहसा उमासा येत नाही. सुदैवाने गरज पडेपर्यंत उमासाच उरला नव्हता.

नोंदवहीत ऑक्सिजनच्या रकान्यात आता फक्त गेजचा आकडा लिहायचा, ‘ओके’ खोडून टाकायचं. काटा शंभराच्या खाली असेल तर गाडी पाळीवर घ्यायची नाही. चावी नायलॉनच्या दोरीने सिलेंडरच्या कड्याला बांधली आहे. दोरीला खर्च आला नाही, तुकडा गॅरेजमध्ये पडलेला होता.

घरी खूण शोधण्यात गेलेली मिनिटं हा मुद्दा मी पोराशी दोनदा बोललो. त्याचं म्हणणं, खूण सापडली असती तर घरचे पटकन तयार झाले असते. त्यात तथ्य आहे. तरी मी माझं म्हणणं सोडलेलं नाही. शोधायचं ते गाडीत, चाक फिरत असताना.

माझ्या सल्ल्याचं काय? मी फोनवर आता आधी एकच प्रश्न विचारतो, वाटेत एएसव्ही कुठे आहे? उत्तर आल्यावर बाकीचं.

आप्पांचं बोलणं रुग्णाने ऐकलं होतं, हे आम्हाला कळलं ते दीड महिन्याने. आम्ही दोघं वस्तीवर गेलो होतो. तो दारात नव्या खाटेवर बसला होता, मच्छरदाणी बांधलेली. चहा झाला. आप्पा सोबत नव्हते ते बरं, कारण तो हसत म्हणाला, “मले सगळं ऐकू ये. पन डोये उघडत नव्हते. तुमचा ड्रायव्हर म्हने, गेला.”

पोराने मान खाली घातली. तो पुढे म्हणाला, “सिस्टर सहा म्हने की हवा ये. मंग मी पुढच्या सहाची वाट पाहे. मधी त्या मोजनं थांबल्या. मंग म्याच मोजलं.”